वाचकांचे प्रश्न: नवीन साइट उघडताना ब्राउझर नुसता फिरत बसतो

प्रश्न: हल्ली लॅपटॉपवर कुठलीही नवीन साइट उघडायला घेतली की कोरं पान, वर टॅबमध्ये गोल फिरतंय, पाच-सात सेकंद काही म्हणजे काही होत नाही आणि मग एकदम सगळं पान येतं. गंमत म्हणजे एकदा साइट उघडली की तिच्यातली बाकीची पानं पटापट उघडतात, व्हिडिओ अडकत नाही, स्पीड टेस्टपण मस्त येते. कॅशे क्लिअर करून झाली, ब्राउझर काढून परत टाकला, फरक शून्य. आता फॉरमॅट मारू का?

उत्तर: नका हो, फॉरमॅटचं काही कामच नाही इथे. स्पीड टेस्ट चांगली, व्हिडिओ चालतोय, म्हणजे लाइन धडधाकट आहे, आणि एकदा उघडलेली साइट पळते म्हणजे ब्राउझरपण ठीक. घोळ त्याच्या आधीच होतोय, साइटचा पत्ता शोधताना. तुम्ही नाव टाइप करता पण कॉम्प्युटरला लागतो आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे साइटचा आकड्यांतला पत्ता, आणि तो डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारावा लागतो, आणि तो सर्व्हर उत्तरच देत नसेल तर कॉम्प्युटर थोडा वेळ वाट बघतो, परत विचारतो, मग यादीतल्या दुसऱ्या सर्व्हरकडे जातो, यातच तुमचे पाच-सात सेकंद जातात. एकदा पत्ता मिळाला की तो काही काळ लक्षात ठेवला जातो म्हणून पुढची पानं लगेच येतात.

खात्री करून घ्या. पान कोरं असताना खिडकीच्या खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं येतात, तिकडे कोणी बघत नाही पण सगळी कुंडली तिथेच असते. क्रोममध्ये ‘रिझॉल्व्हिंग होस्ट’ किंवा फायरफॉक्समध्ये ‘लुकिंग अप’ वर अडकलं तर डीएनएसच. ‘वेटिंग फॉर’ वर अडकलं तर बहुतेक समोरचा सर्व्हरच सुस्त आहे, आणि एकाच साइटला तसं होत असेल तर तुम्ही काहीही केलंत तरी उपयोग नाही. ‘प्रॉक्सी’ (तुमच्या आणि साइटच्या मधला सर्व्हर) हा शब्द दिसला तर विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ बंद करून बघा.

डीएनएस निघालं तर सगळ्यात सोपी ट्रायल ब्राउझरमध्येच होते. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सिक्युरिटी, तिथे ‘यूज सिक्युअर डीएनएस’ चालू करून यादीतून गूगल किंवा क्लाउडफ्लेअर निवडा. फरक पडला तर मग राउटरमध्येच डीएनएस बदला, गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, म्हणजे मोबाइललापण फायदा (आकडे अर्थात इंग्रजीत टाका). बदलायच्या आधी जुना आकडा लिहून ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र हात लावू नका, कंपनीच्या आतल्या साइट्स बाहेरच्या डीएनएसला माहीतच नसतात, त्या उघडायच्या बंद होतील.

आणि ते कॅशे क्लिअर करणं. जो तो हाच सल्ला देतो, मला काही पटत नाही. कॅशेत फोटो, फॉन्ट, स्क्रिप्ट साठवलेल्या असतात त्या वेळ वाचवायलाच, त्या पुसल्या की पुढच्या वेळी सगळं परत डाउनलोड. पान मोडकं दिसत असेल, जुनंच दिसत असेल तर पुसा, नुसतं स्लो आहे म्हणून कशाला?

प्रश्न: माझं उलटं आहे, पान लगेच येतं पण स्क्रोल केलं की अडकतं, टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात आणि फॅन ओरडायला लागतो.

उत्तर: मग नेटला दोष देऊ नका, प्रोसेसर किंवा रॅमवर लोड आलाय. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, सीपीयूच्या कॉलमवर क्लिक केलं की कुठला टॅब किंवा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) प्रोसेसर खातंय ते वर येतं. बरेचदा कधीतरी कूपन शोधायला नाहीतर पीडीएफ बदलायला टाकलेलं एखादं एक्स्टेन्शन निघतं, जे आता प्रत्येक पानात नाक खुपसत असतं. तेच पान इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा, तिथे एक्स्टेन्शन्स आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. तिथे नीट चाललं तर एकेक बंद करत चोर पकडा. तिथेही अडकलं तर सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन आहे (पान दाखवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारं बटण), ते चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू करून, ब्राउझर रीस्टार्ट करून बघा. रॅम वाढवायचा खर्च त्यानंतर.