ऑफसेटचे आकडे वहीत उतरवून नव्या क्लस्टरवर लावू नका (निपाणीच्या दादांना उत्तर)

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. पोस्ट खाली जाते, म्हणून तुमचा बेत आधी माझ्या शब्दांत मांडतो. दूध संकलन केंद्रांवरच्या लिटर, फॅट आणि एसएनएफच्या नोंदी तुमच्याकडं काफ्कामधून (नोंदी रांगेत साठवून पुढच्या प्रोग्रामना देणारं सॉफ्टवेअर) जातात. जुना एमएसके क्लस्टर (अ‍ॅमेझॉनकडचा काफ्का सर्व्हरचा संच) डिस्क वाढवून वाढवून महाग झालाय. तिथं डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही, म्हणून लहान डिस्कचा नवा क्लस्टर उभा केलाय. जुन्यातल्या नोंदी नव्यात उतरवणारा मिररमेकर 2 लावलाय, चार दिवस लॅग, म्हणजे मागं राहिलेल्या नोंदी, शून्य दिसतोय. आता कन्झ्युमर (नोंदी वाचणारे प्रोग्राम) थांबवायचे, प्रत्येक पार्टिशनचा (नोंदींच्या रांगेचा एक भाग) ऑफसेट, म्हणजे कुठपर्यंत वाचलं तो आकडा, वहीत उतरवून घ्यायचा, नव्यावर तोच आकडा लावायचा आणि चालू करायचं. "एवढं पुरेल ना?" असं तुम्ही विचारलंय.

नाही पुरणार. माझ्या हातून अगदी हेच झालं होतं, वहीसकट. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधीच सांगतो, मी काफ्काचा पंडित नाही. बेळगावात बसून आमची चारपाच जणांची टोळी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर सांभाळते. माझा अनुभव काफ्का 2.8 चा आहे, तुमचं पुढचं असणार. सेटिंगची नावं तुमच्या आवृत्तीच्या माहितीपत्रात तपासूनच हात घाला. मिररमेकर कसा बसवायचा वगैरे लिहीत नाही, ते तुम्ही केलंयच.

जानेवारीतली गोष्ट. गाळप जोरात. आमच्याकडं हंगामात काटा चोवीस तास चालतो. भरलेल्या ट्रॉलीचं वजन होतं, गव्हाणीवर माल उतरला की रिकाम्या ट्रॉलीचं होतं, निव्वळ टनेज निघतं, पावती छापली जाते आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो. मेसेज कन्नड नाहीतर मराठी, ज्यानं जी भाषा नोंदवली असेल ती. हा मेसेज म्हणजे सोय नुसती नव्हे. काटामारीच्या तक्रारी ऐकत मोठ्या झालेल्या या भागात यार्डातून ट्रॅक्टर बाहेर पडायच्या आत मोबाईल वाजला, तरच माणूस निर्धास्त घरी जातो.

नव्या क्लस्टरवर जाण्यासाठी रात्री 1.40 ला पावत्या वाचणारे कन्झ्युमर थांबवले. सहा पार्टिशन. सहाचे आकडे मी वहीत लिहिले आणि शेजारी बसलेल्या मुलानं वाचून खात्री केली. एका पार्टिशनचा आकडा 2,14,806 होता, अजून आठवतो. 2.12 ला नव्या क्लस्टरवर रिसेटची आज्ञा दिली, प्रत्येक पार्टिशनला वहीतला आकडा. खाली नीट तक्ता आला, सहा ओळींचा. 2.17 ला कन्झ्युमर चालू. लॅग शून्य. दोन मिनिटांत पुढच्या गाडीचा मेसेज गेला. मुलगा म्हणाला, "झालं बघा सर." आम्ही लॅपटॉप मिटले.

त्या तक्त्याच्या वर सहा ओळी होत्या, स्क्रीन सरकल्यामुळं दिसेनाशा झालेल्या. इशाऱ्याच्या ओळी. दिलेला ऑफसेट या पार्टिशनच्या शेवटच्या ऑफसेटपेक्षा मोठा आहे, त्याऐवजी अमुक आकडा लावला जाईल, असं त्यात लिहिलं होतं. 2,14,806 च्या जागी लागला होता हजार-बाराशेच्या घरातला एक आकडा. तो होता त्या क्षणाचा शेवट. म्हणजे 1.40 ते 2.12 या बत्तीस मिनिटांत काट्यावरून आलेल्या पावत्या मिररमेकरनं इमानदारीनं नव्या टॉपिकमध्ये (एका प्रकारच्या नोंदींची रांग) आणून ठेवल्या होत्या, आणि आम्ही कन्झ्युमरला त्यांच्या पलीकडं नेऊन बसवलं.

कारण साधं आहे. ऑफसेट हा त्या क्लस्टरच्या त्या पार्टिशनमधला अनुक्रमांक आहे, नोंदीवर चिकटलेला नंबर नव्हे. जुन्या टॉपिकमध्ये तीन हंगामांच्या नोंदी येऊन रिटेन्शननं (नोंदी किती काळ ठेवायच्या ती मुदत) पुसल्या गेल्या होत्या, पण अनुक्रमांक पुढं पळतच होता. नव्यात मिररमेकरनं उरलेल्या नोंदी टाकायला शून्यापासून सुरुवात केली. तीच पावती, जुनीकडं दोन लाखांच्या पुढं, नवीकडं हजारात. तुमचंही असंच असणार, आत्ताच दोन्हीकडचे शेवटचे ऑफसेट शेजारी ठेवून बघा.

आम्हाला हे कळलं तिसऱ्या दिवशी. चिकोडीकडचे एक काका कारखान्याच्या शेती ऑफिसात आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली काट्याची पावती काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पावती हाय. मोबाईलवर काय आलं नाही. आन् तुमच्या यादीत माझी ही खेपच नाही." आवाज चढवला नाही, काही नाही. पावतीवर वेळ होती 1.58. मला फोन आला तेव्हा ती वेळ ऐकूनच पोटात गोळा आला.

तरी वाटलं होतं, डेटा टॉपिकमध्ये आहे, मागं जाऊन पुन्हा वाचू. तो नव्हता. दिवाळीच्या सुमारास गाड्यांच्या जीपीएसमुळं डिस्क भरत आली होती, तेव्हा घाईत एक स्क्रिप्ट चालवून मी सगळ्याच टॉपिकचं रिटेन्शन 24 तासांवर आणलं होतं. जीपीएससाठी ठीक होतं. पावत्यांच्या टॉपिकला हात लावायचं काही कारण नव्हतं, तो तर एवढासा. मग डिस्क वाढवली, पण रिटेन्शन परत 7 दिवसांवर न्यायचं राहून गेलं. मिररमेकर टॉपिकची सेटिंगही सोबत नेतो, त्यामुळं नवीकडंही 24 तासच. तिसऱ्या दिवशी दोन्ही क्लस्टरमध्ये त्या रात्रीचं काही उरलं नव्हतं. माझ्या मते खरी चूक हीच. ऑफसेट चुकला असता आणि नोंदी शिल्लक असत्या, तर दहा मिनिटांचं काम होतं.

नेमक्या किती पावत्या गेल्या हेही माहीत नव्हतं. काटा केबिनमधल्या स्थळप्रती काढल्या, रात्रभराच्या, आणि डेटाबेसशी एकेक ताडून बघितल्या. 19 निघाल्या. त्या टाइप करायला अर्धा तास लागला, शोधायला दोन दिवस. त्यात पंधरवड्याची बिलं निघायची वेळ. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळं यादी थांबवून ठेवणं कारखान्याला परवडत नाही. 19 घरांचे पैसे माझ्या एका आज्ञेमुळं लटकले होते, हे आजही मनातून जात नाही.

आता सपोर्टबद्दल. क्लाउड कुठलं आणि मधली कंपनी कुठली ते लिहीत नाही, तो हेतूच नाही. पण महिन्याला पैसे घेणाऱ्या त्या कंपनीला मी मायग्रेशनच्या आधी बेत लिहून पाठवला होता, आकडे उतरवण्यासकट. उत्तर आलं, रेप्लिकेशन लॅग शून्य असल्याची खात्री करून पुढं जा. घोटाळ्यानंतर तिकीट काढलं तर पुन्हा लॅगचा स्क्रीनशॉट मागितला. दिला. "लॅग शून्य आहे, मायग्रेशन यशस्वी," म्हणून तिकीट बंद. परत उघडलं, तर नवीन माणूस, पहिल्यापासून सगळं सांगा, परत स्क्रीनशॉट. तीनदा. लॅग शून्य असणारच होता ओ, कन्झ्युमर शेवटाला बसवलाय म्हटल्यावर! ग्रुपचा (कन्झ्युमरच्या गटाचा) ऑफसेट कुठं होता आणि कुठं आला, एवढा एक प्रश्न त्यातल्या एकानंही विचारला नाही. म्हणून सांगतो, तुमच्या पोस्टमधला "लॅग शून्य" नोंदी पोचल्याचं सांगतो. कन्झ्युमर कुठपर्यंत वाचून थांबलाय ते तो सांगत नाही.

तर माझ्या मते तुम्ही काय करावं.

आज, संध्याकाळच्या संकलनाआधी, दोन्ही क्लस्टरवर नोंदींच्या टॉपिकचं रिटेन्शन 7 दिवस तरी करा. आधीच जास्त असेल तर हात लावू नका. तुमच्या नोंदी लहान असतात, डिस्कला फरक पडणार नाही. हे झाल्याशिवाय बाकी कशाला हात घालू नका.

मग मिररमेकरमध्ये सिंक.ग्रुप.ऑफसेट्स.एनेबल्ड हे ट्रू करा. ते मुळात बंद असतं, आम्हाला हेच माहीत नव्हतं. काफ्का 2.7 पासून ही सोय आहे. जुना ऑफसेट नव्या क्लस्टरच्या भाषेत बदलून मिररमेकर दर 60 सेकंदांनी लिहीत राहतो. पण नव्या क्लस्टरवर त्या ग्रुपचा कन्झ्युमर चालू असेल तर लिहीत नाही. तेव्हा नवीकडं चाचणी करायची असेल तर वेगळ्या नावाचा ग्रुप घ्या, खरं नाव वापरू नका. आणि मिररमेकर स्वतः 3.5 किंवा पुढचा असलेला बरा. आधीच्या आवृत्त्यांत या ऑफसेट बदलण्यात चुका होत्या, लॅग उणे दिसायचा. ब्रोकर (काफ्काचा सर्व्हर) जुना असला तरी मिररमेकर नवा चालतो.

टॉपिकची नावं तीच ठेवायची असतील तर आयडेंटिटी रेप्लिकेशन पॉलिसी लावा, 3.0 पासून आहे. नाहीतर नावाआधी जुन्या क्लस्टरचं नाव चिकटतं आणि कन्झ्युमरना दोन्ही नावं वाचायला लावावी लागतात, आम्ही तसं केलं होतं. मात्र ही पॉलिसी लावून दोन्ही दिशांना मिररमेकर चालवू नका, नोंदी गोल फिरत राहतील.

आधी कन्झ्युमर हलवा, प्रोड्युसर (नोंदी पाठवणारे प्रोग्राम) मागून. याबाबतीत वेगळं मत असणारे लोक आहेत, पण छोट्या टीमनं हेच करावं असं माझं ठाम मत आहे. कन्झ्युमर नवीकडं गेले तरी मिररमेकर जुन्याकडच्या नोंदी आणून देत राहतो, काही अडत नाही. जुने कन्झ्युमर थांबवल्यावर दोनतीन मिनिटं जाऊ द्या, म्हणजे शेवटचा ऑफसेट पलीकडं पोचेल. मग नवीकडच्या ऑफसेटवरची नोंद उघडून प्रत्यक्ष वाचा: कुठलं केंद्र, कुठला सभासद, किती लिटर. जुन्याकडं शेवटची वाचलेली नोंद शेजारी ठेवा. आकड्याशी आकडा जुळवू नका, नोंदीशी नोंद जुळवा. नवीकडची थोडी मागची निघेल, ते चालतं. काही नोंदी दोनदा वाचल्या जातील, त्यासाठी डेटाबेसमध्ये केंद्र, सभासद, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ यावर युनिक की (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेणारी अट) हवीच. मेसेज पाठवण्याच्या आधीही तीच तपासणी घाला. देवनागरी किंवा कन्नड मेसेज 70 अक्षरांच्या पुढं गेला की त्याचे तुकडे पडून पैसे वाढतात, त्यात दोनदा गेले तर बिल बघवत नाही.

तुमचं एक मात्र बरं आहे. आम्हाला हंगामात शांत तास मिळतच नाही. तुमच्याकडं सकाळचं संकलन संपलं की संध्याकाळपर्यंत केंद्रं बंद. सकाळी साडेदहा-अकराला हलवा, मध्यरात्री नको. रात्री दोनला माणूस इशारे वाचत नाही, मी वाचले नाहीत.

तरीही ऑफसेट हातानं लावायची वेळ आलीच, तर आकड्यानं न लावता वेळेनं लावा, टू-डेटटाइम वापरून. मिररमेकर नोंदीची मूळ वेळ सोबत नेतो, त्यामुळं ते दोन्हीकडं लागू पडतं. पण वेळेपुढं +05:30 लिहायला विसरलात तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते. सकाळचे 9.30 लिहिलेत की आपल्या घड्याळाची दुपारची 3 धरली जाईल, त्या वेळेनंतरची नोंदच नसेल, आणि कन्झ्युमर परत शेवटाला जाऊन बसेल. नंतर सराव करताना मला हे दिसलं, ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता नुसती चाचणी) केला होता म्हणून वाचलो. आधी ड्राय-रन, आउटपुट फाइलमध्ये घ्या, वरपासून वाचा, मगच एक्झिक्यूट.

पार्टिशनच्या संख्येबद्दल कुणीतरी तुम्हाला पोस्टखालच्या उत्तरात "नवीकडं जास्त करून घ्या" असं सुचवलंय. आत्ता करू नका. प्रोड्युसर हलवल्यावर त्याच सभासदाची 'की' (जिच्यावरून पार्टिशन ठरतं ती खूण) वेगळ्या पार्टिशनमध्ये जाऊन पडेल. सकाळची नोंद आणि तिची दुरुस्ती उलट्या क्रमानं वाचली गेली, तर दुरुस्तीवर जुनाच आकडा बसेल. मायग्रेशन पुरं होऊन महिना जाऊ दे, मग बघा.

आणि जुना क्लस्टर लगेच पाडू नका. दोन्हीचं भाडं भरायचं जिवावर येतं, कळतं मला. पण दहा दिवसांचं एक दूधबिल नव्या क्लस्टरवरून निघून सभासदांच्या हातात पडेपर्यंत तरी ठेवा.

दोन्हीकडच्या ग्रुपचं डिस्क्राइब आउटपुट आणि टॉपिकची रिटेन्शन सेटिंग इथंच टाका, सर्व्हरची नावं पुसून. मी रोज रात्री नऊनंतर असतो. हलवायचा दिवस ठरला की आधी कळवा, त्या सकाळी मी फोनवर थांबेन.