क्लाउडच्या क्लासचे ७५ हजार भरण्याआधी

प्रश्न: मी बार्शीला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. क्लाउडला स्कोप आहे असं सगळेच सांगतात. कॉलेजात एका युनिटमध्ये आयास, पास, सास या क्लाउड सेवेच्या तीन प्रकारांच्या व्याख्या झाल्या. त्या पाठ करून पेपरात लिहिल्या, पण आत नेमकं काय चालतं ते कळलं नाही. पुण्यातला एक क्लास ६ महिन्यांचे ७५ हजार सांगतो, वर '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणतो. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. क्लास लावू का? आणि क्लाउडसाठी कोडिंग यावं लागतं का?

उत्तर:

क्लास आत्ता लावू नकोस. पैशांचा प्रश्न आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. अशा कोर्समध्ये बहुतेक वेळ एखाद्या कंपनीच्या वेबसाइटवर कुठलं बटण कुठे आहे हे दाखवण्यात जातो. त्या बटणांमागे लिनक्स, नेटवर्क, व्हर्च्युअल मशीन आणि परवानग्या असतात. ते येत नसेल तर सहा महिन्यांनी तुला बटणांच्या जागा तेवढ्या पाठ झालेल्या असतील, आणि त्या जागा सारख्या बदलतात. मागचं मात्र फारसं बदलत नाही, आणि ते शिकायला तुझा लॅपटॉप पुरतो.

आधी व्याख्येचं बघू. घरी चक्की घ्यायची तर पैसे एकरकमी घालावे लागतात, आणि ती दिवसभर नुसती उभी असते. म्हणून आपण दळण गिरणीत नेतो. यंत्र गिरणीवाल्याचं, वीज त्याची, पट्टा तुटला तर बदलायचा त्यानंच. आपण किलोमागे पैसे देतो. सर्व्हरचं तसंच झालं: स्वतः विकत न घेता दुसऱ्याचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्यानं वापरायचे, यालाच क्लाउड म्हणतात. ॲमेझॉननं मार्च २००६ मध्ये एसथ्री ही साठवणुकीची सेवा सुरू केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसीटू ही तासावर मशीन देणारी सेवा आणली. तुझ्या पुस्तकातली 'पाच वैशिष्ट्यं' अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या २०११ च्या व्याख्येतली आहेत: हवं तेव्हा स्वतः घेता येणं, नेटवर्कवरून पोचता येणं, एकाच साठ्यातून अनेकांना देणं, गरजेप्रमाणे वाढवणं-कमी करणं आणि वापर मोजला जाणं. आयास, पास, सास यांतला फरक पाठ करू नकोस. एकच प्रश्न विचार: ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट कोण टाकणार? तू टाकणार असशील तर आयास. तू फक्त आपला कोड देत असशील तर पास. तू नुसती वापरणारी असशील तर सास.

गिरणीतली एक अडचण तुला माहीत असेल. ज्वारीवर गहू दळला की पीठ मिसळतं. एकाच सर्व्हरवर वीस ग्राहकांची कामं चालवायची तर एकाचा डेटा दुसऱ्याला दिसता कामा नये, आणि एकानं जास्त रेटलं म्हणून दुसऱ्याचं काम अडता कामा नये. ही राखण हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे वाटे करून प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखं भासवतं. त्या भासमान संगणकालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कल्पना जुनी आहे. आयबीएमचं व्हीएम/३७० हे १९७२ चं. हाच प्रकार तू घरी करून बघायचा आहेस.

व्हर्च्युअलबॉक्स हे लॅपटॉपवर चालणारं हायपरवायझर उतरवून घे आणि उबुंटू सर्व्हर या लिनक्सची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी, आवृत्ती घे. डेस्कटॉपची नको, ती मेमरी खाते. नव्या मशीनला २ जीबी रॅम, १ प्रोसेसर आणि २५ जीबी डिस्क दे. ८ जीबीत विंडोज आणि हे, दोन्ही नीट चालतात. मशीन सुरूच होईना आणि व्हीटी-एक्स बंद असल्याचा संदेश आला तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू कर. खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं आणि मशीन रांगत असेल तर विंडोजचं स्वतःचं हायपरवायझर, हायपर-व्ही, आड येतंय असं समज.

नेटवर्कचे दोन ॲडॉप्टर जोड: इंटरनेटसाठी नॅट, आणि लॅपटॉपशी बोलायला होस्ट-ओन्ली. उबुंटू टाकण्याआधीच दोन्ही जोड, म्हणजे इन्स्टॉलर दोघांची मांडणी करून घेतो. नंतर जोडलास तर दुसऱ्याला पत्ता मिळत नाही आणि मुलं तिथे दोन-दोन दिवस अडकतात. पहिल्यावर बहुधा १०.०.२.१५ दिसेल, दुसऱ्यावर १९२.१६८.५६ नं सुरू होणारा पत्ता. आता विंडोजमधून एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या साधनानं, त्या दुसऱ्या पत्त्यावर लॉगिन कर आणि व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी बाजूला सार. क्लाउडवरच्या मशीनशी तुझा संबंध हुबेहूब असाच असणार आहे. ते दिसत नाही, फक्त पत्ता आणि किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची फाइल) असते.

त्यावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर टाक आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमधून तो पत्ता उघड. पान दिसलं? आता मुद्दाम मोडायला लाग. मला वाटतं, या विद्येतला सगळ्यात मोलाचा धडा इथेच आहे.

एनजिनएक्स बंद कर आणि पान पुन्हा उघड. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं लगेच येईल. मग तो चालू कर आणि उबुंटूची यूएफडब्ल्यू फायरवॉल सुरू करून वेब सर्व्हरचं दार, म्हणजे ८० नंबरचं पोर्ट, अडव. त्याआधी एसएसएचच्या २२ नंबरच्या पोर्टला परवानगी द्यायला विसरू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी एसएसएचनं आत शिरता येणार नाही. घरी निदान व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी तरी आहे. आता ब्राउझर बराच वेळ फिरत राहील आणि शेवटी 'टाइम्ड आउट' म्हणेल. दोन्ही वेळी पान उघडलं नाही, पण कारणं अगदी वेगळी. रिफ्यूज्ड म्हणजे तू दारापर्यंत पोचलीस आणि आतून सांगितलं, इथं कुणी नाही. सेवा बंद आहे, किंवा ती फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःपुरतीच ऐकते आहे. टाइम्ड आउट म्हणजे हाक मारली आणि कुणी ओच दिली नाही. क्लाउडवर असं झालं तर तीन जागा बघायच्या: सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे क्लाउडच्या फायरवॉलमध्ये, ते पोर्ट उघडं आहे का, सबनेटच्या (नेटवर्कच्या एका तुकड्याच्या) रूट टेबलमध्ये, म्हणजे वाटांच्या यादीत, इंटरनेट गेटवेकडे वाट आहे का, आणि मशीनला सार्वजनिक आयपी आहे का. तिसरा प्रकार एसएसएच करताना येतो, 'परमिशन डिनाइड'. म्हणजे नेटवर्क ठीक आहे, किल्ली किंवा युजरचं नाव चुकलं. उबुंटूच्या तयार मशीनवर नाव 'उबुंटू' असतं, ॲमेझॉन लिनक्सवर 'ईसीटू-युजर'. क्लाउड सपोर्टच्या पहिल्या नोकरीत तुझ्यापुढे येणाऱ्या तक्रारींचा मोठा हिस्सा या तिघांतच बसतो.

नेटवर्कमध्ये एक हिशेब हातानं करायला शीक. १०.०.०.०/१६ असं लिहिलं की पत्त्याच्या ३२ बिटांपैकी १६ नेटवर्कचे, उरलेल्या १६ मध्ये ६५,५३६ पत्ते. /२४ मध्ये २५६. ॲमेझॉन प्रत्येक सबनेटमधले ५ पत्ते स्वतःकडे ठेवतं, म्हणून तुला २५१ मिळतात. इथली नेहमीची चूक म्हणजे सगळीकडे डोळे झाकून १०.०.०.०/१६ च घेणं. पुढे दोन नेटवर्कं एकमेकांना जोडायची वेळ आली की दोघांत तेच पत्ते निघतात, जोडता येत नाहीत, आणि सगळं नव्यानं बांधावं लागतं.

'ढग' म्हटलं तरी हे सगळं जमिनीवरच आहे. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे भागात मोठी डेटा सेंटर आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात आपला रीजन, म्हणजे डेटा सेंटरांचा गट, सुरू केला, ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत, गूगलनं २०१७ मध्ये मुंबईतच. अंतराला महत्त्व आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया सरळ रेषेतच जवळपास १३ हजार किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद कुणीच वाचवू शकत नाही. सराव करताना रीजन न बघता मशीन अमेरिकेत उघडतात आणि मग 'स्लो आहे' म्हणतात, त्याचं कारण हे.

आता 'गरजेप्रमाणे वाढवणं' या गुणाबद्दल, कारण इथे फार भाबड्या समजुती आहेत. दहावी-बारावीच्या निकालाची वेळ आठव. लाखो मुलं एकाच मिनिटाला एकच पान उघडतात. पुस्तक म्हणतं, ऑटो-स्केलिंग लावा, मशीनं आपोआप वाढतील. पण नवं मशीन उभं राहून कामाला लागायला काही मिनिटं जातात, आणि गर्दी तर पहिल्याच मिनिटाला आलेली असते. म्हणून वेळ माहीत असेल तेव्हा मशीनं आधीच वाढवून ठेवायची. दुसरं असं की वेब सर्व्हर दोनाचे वीस केले तरी सगळे धावतात एकाच डेटाबेसकडे. मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळ मांडणीत एका वेळी १५१ च कनेक्शन घेतं, पुढच्याला 'टू मेनी कनेक्शन्स' म्हणून परत पाठवतं. वाढवलेले वेब सर्व्हर उलट त्याच्यावर जास्त माणसं लोटतात. आणि खरं तर निकाल एकदा लागला की बदलत नाही. मग प्रत्येकाला डेटाबेसपर्यंत न्यायचंच कशाला? निकालाची पानं आधीच तयार करून कॅशमध्ये (तयार प्रतींच्या साठ्यात), सीडीएनवर, म्हणजे अशा प्रती ठेवणाऱ्या ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर, ठेवली तर डेटाबेसला हातही लागत नाही. असा विचार करणाऱ्या मुलीला कंपन्या शोधत असतात. त्याला कुठलंही बटण लागत नाही.

घरच्या मशीनवर महिना-दीड महिना काढलास की मग क्लाउडचं खातं उघड, आधी नको. त्याला कारण आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये ॲमेझॉनवर वर्षभर महिन्याला मशीनचे ७५० तास मोफत असं सांगतात. जुलै २०२५ पासून नव्या खात्यांना ते लागू नाही. आता सुरुवातीला १०० डॉलरचं क्रेडिट, ठरावीक कामं केल्यावर आणखी १०० पर्यंत, आणि मोफत योजना ६ महिन्यांची. तयारी नसताना खातं उघडलंस तर ते महिने फुकट जातात. कॉलेजचा ईमेल असेल तर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं 'ॲझ्युर फॉर स्टुडंट्स' बघ. त्यात कार्ड न देता १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं.

बिलाच्या बाबतीत सावध राहा. खात्याच्या मूळ लॉगिनला पहिल्याच दिवशी दुहेरी पडताळणी लाव, आणि रोजच्या कामासाठी कमी परवानग्यांचा वेगळा युजर बनव. मशीन 'स्टॉप' केलं की मशीनचे पैसे थांबतात, डिस्कचे चालूच राहतात. सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ॲमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर लावतं, म्हणजे ३० दिवसांचे ३.६० डॉलर. नॅट गेटवे (सार्वजनिक पत्ता नसलेल्या मशीनना इंटरनेट देणारी सेवा) वापरला नाही तरी तासावर पैसे घेतो. बजेट अलर्ट जरूर लाव, पण तो फक्त ईमेल पाठवतो, आपणहून काही बंद करत नाही, आणि तोही काही तास उशिरा येऊ शकतो. सगळ्यात वाईट चूक म्हणजे ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रॅमला खात्यात शिरू देणारी किल्ली, कोडमध्ये लिहून तो कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सार्वजनिक ठेवणं. अशा किल्ल्या हुडकणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात. काही मिनिटांत कुणीतरी तुझ्या नावावर मोठी मशीनं उघडून क्रिप्टोचं खाणकाम सुरू करतं.

कोडिंगबद्दल: ॲप बनवण्याइतकं नको, पण अजिबात नको असंही नाही. बॅश आणि पायथॉनमध्ये २०-३० ओळींची कामं करता यावीत, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) यावं, वायएएमएल ही मांडणी लिहायची फाइल वाचता यावी. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सामानासकट कंटेनरमध्ये बांधून चालवायचं साधन, त्यानंतर. असे पुष्कळ कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस कॉलेज संपेपर्यंत नाही आलं तरी चालेल.

प्रमाणपत्राच्या परीक्षांचं गणित सांगतो. ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरची, ६५ प्रश्न, ९० मिनिटं. सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट १५० डॉलरची, ६५ प्रश्न, १३० मिनिटं. पहिली पास झालीस की पुढच्या परीक्षेला निम्मी सूट मिळते, म्हणजे दोन्हींचे मिळून १७५ डॉलर. थेट दुसरी दिलीस तर १५०. पहिलीत नुसती तोंडओळख असते, तेव्हा माझ्या मते थेट दुसरीच दे, आणि तीही तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, कारण प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं. 'क्लाउड इंजिनियर' म्हणून निघणाऱ्या जागांना बहुधा अनुभव मागतात. फ्रेशर आत शिरतात ते सपोर्ट, मॉनिटरिंग, सिस्टीम ॲडमिन अशा कामांतून, आणि तिथे रात्रपाळी असते. हे घरी आत्ताच बोलून ठेव.

आता हा भाग बाबांना वाचून दाखव. '१०० टक्के प्लेसमेंट' हे करारात लिहून मागा. बहुतेक ठिकाणी कागदावर 'प्लेसमेंट सहाय्य' निघतं, म्हणजे मुलाखतींचे निरोप पोचवणं. नोकरी नाही मिळाली तर फी परत, असं कलम आहे का आणि त्याला अटी काय, ते बघा. 'बिनव्याजी हप्ते' सांगितले तर सही कुणाच्या कागदावर होते ते नीट पाहा. पुष्कळदा ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. मुलीनं दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी हप्ते बाबांच्या खात्यातून जातच राहतात, कारण क्लासला त्याचे पैसे पहिल्याच दिवशी मिळून गेलेले असतात.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एवढं कर: घरच्या मशीनवर वेब सर्व्हर, दुसऱ्या मशीनवर डेटाबेस, आणि डेटाबेसचं पोर्ट फक्त पहिल्या मशीनसाठी उघडं. दोन्ही मशीनं एकदम चालवताना त्यांची रॅम १-१ जीबी ठेव. डेटाबेस मधेच बंद पडला तर मशीनचा लॉग उघडून 'आउट ऑफ मेमरी' शोध, आणि २ जीबी स्वॅप (मेमरीसारखी वापरायची डिस्कवरची जागा) देऊन बघ. कुठे अडलीस तर पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून पाठव, आणि त्याआधी काय बदललं होतंस तेही लिही.