सिमेंट मिलच्या डिस्चार्ज जाळ्या बदलताना स्लॉट 6 मिमी घ्यावा की 8?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरजवळच्या ग्राइंडिंग युनिटमध्ये दोन चेंबरची (कप्प्यांची), क्लोज्ड सर्किटची (भरड माल परत दळायला आत फिरवणारी) बॉल मिल, म्हणजे लोखंडी गोळ्यांनी दळणारी फिरती नळकांडी, आहे. डिस्चार्ज डायफ्रामच्या, म्हणजे माल बाहेर पडतो त्या टोकाच्या पडद्याच्या, जाळ्या झिजल्यात. जुना स्लॉट (जाळीतली फट) 8 मिमीचा होता आणि साहेबांचं म्हणणं, या वेळी 6 चा घ्या म्हणजे माल बारीक निघेल.

निदान त्या कारणासाठी तरी 6 चा घेऊ नका. ही जाळी म्हणजे पिठाची चाळण नव्हे. क्लोज्ड सर्किटमध्ये बारीकपणा सेपरेटर (बारीक आणि भरड माल वेगळा करणारं यंत्र) ठरवतो. जाळीची कामं दोनच: बॉल आत अडवायचे आणि माल व हवा विनाअडथळा बाहेर सोडायची. ओपन सर्किट (सेपरेटर नसलेलं) असतं तर स्लॉटच्या मापाचा वेगळा विचार केला असता, तुमच्याकडे तो विषय नाही.

माप ठरतं ते दुसऱ्या चेंबरमधल्या सगळ्यात लहान बॉलवरून. तिथे 17 मिमीचे बॉल टाकत असाल तर स्लॉट साधारण त्याच्या निम्मा, म्हणजे 8 च्या आसपास. बॉल झिजत झिजत स्लॉटच्या मापाचा झाला की एक तर तो बाहेर पडतो किंवा स्लॉटमध्ये पाचरीसारखा ठोकला जातो. स्लॉट अरुंद केला तर हे झिजलेले तुकडे आणखी दिवस आत राहतात आणि जागा खातात.

पण मापाआधी एक काम करा, आणि हे मी फार कळकळीनं सांगतोय: जुन्या प्लेटा भंगारात देऊ नका. प्लेट उभी करून उजेडासमोर धरा आणि स्लॉटमध्ये काय अडकलंय ते खिळ्यानं उकरून बघा. नवीन ऑर्डरचं उत्तर तिथेच असतं. लोखंडाचे तुकडे निघाले तर बॉल फुटतायत किंवा कित्येक दिवसांत चार्जची (आत भरलेल्या बॉलची) छाननी झालेली नाही. ती न करता नवी जाळी बसवलीत तर तीही तशीच भरेल. क्लिंकरचे (भट्टीतून आलेल्या, दळायच्या मालाचे) खडे निघाले तर दोष पहिल्या चेंबरचा आहे. मधल्या डायफ्रामजवळचा (दोन चेंबरमधल्या पडद्याजवळचा), पहिल्या चेंबरमधला नमुना 2 मिमीच्या चाळणीवर घ्या. साधारण 5 टक्क्यांपेक्षा जास्त वर राहत असेल तर भरड माल पुढे जातोय. मधल्या डायफ्रामची एखादी प्लेट फुटली आहे का, तेही बघा.

आणि दगडासारखा घट्ट झालेला थर निघाला तर ओलावा. आपल्याकडे हे जास्त होतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरची हवाच चाळिशीच्या वर, त्यात कलबुर्गीकडून आलेलं क्लिंकर ढिगात गरम असेल तर सिमेंटचं तापमान 115-120 अंशांकडे सरकतं. तिथे जिप्सममधलं पाणी उडायला लागतं आणि सिमेंट अवेळी घट्ट होण्याची तक्रार येते. ऑपरेटर मग पाण्याचा फवारा वाढवतो. जाळी आधीच अर्धी बंद असली की हवा कमी, हवा कमी म्हणून पाणी पूर्ण उडत नाही, त्याचा चिखल होऊन उरलेले स्लॉटही बुजतात.

हिशेबच करा. लायनरच्या (आतल्या अस्तराच्या) आतून 3.8 मीटर व्यासाच्या मिलचं क्षेत्रफळ सुमारे 11.3 चौरस मीटर. बॉलच्या वर मोकळं साधारण 8. तिथून सेकंदाला 1 मीटर वेगानं हवा न्यायची म्हणजे 8 घनमीटर. स्लॉटचं उघडं क्षेत्र 10 टक्के, म्हणजे 1.13 चौरस मीटर धरलं, तर डिस्चार्ज डायफ्रामच्या केंद्रातली जाळी सोडून स्लॉटमधला वेग होतो सेकंदाला 7 मीटर. निम्मे स्लॉट बंद झाले की 14, आणि दाबाचा तोटा चौपट. पंखा पूर्ण चालतोय आणि मिल तापतेय, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. म्हणून पुरवठादाराला स्लॉटच्या रुंदीइतक्याच आग्रहानं उघडं क्षेत्र विचारा.

धातूबद्दल. मँगनीज स्टील नको. मार बसला की ते पसरतं, स्लॉटच्या कडा मिटतात आणि प्लेटा एकमेकींत अशा आवळतात की काढताना कापाव्या लागतात. क्रोम-मॉली अलॉय स्टील, 45 ते 50 एचआरसी (कठीणपणाचं माप), ही भरवशाची निवड. डिस्चार्जला बॉल लहान, मार कमी, त्यामुळे हाय क्रोमही चालतं आणि जास्त टिकतं. पण ते ठिसूळ. मागची चौकट वाकडी असेल तर बोल्ट आवळतानाच तडा जातो. रबराची जाळी ओल्या खनिजाच्या मिलमध्ये छान चालते, तुमच्या तापमानाला नको.

स्लॉट आतल्या, म्हणजे बॉलच्या बाजूला अरुंद आणि बाहेर रुंद होत जाणारा हवा. आत शिरलेला कण मग अडकत नाही. प्लेट उलटी बसली तर तो हमखास अडकतो, म्हणून बाहेरची बाजू रंगवून ठेवायला सांगा. माल आला की 8 मिमीची पट्टी प्रत्येक स्लॉटमधून फिरवा, कास्टिंगचा बर (ओतकामात उरलेली धातूची कड) राहिलेला असतो. प्लेट मॅनहोलमधून जाते ना आणि दोन माणसांना पेलते ना, हे ड्रॉइंगवरच पाहून घ्या.

आत उतरण्याआधी मोटरचं आयसोलेशन (वीज तोडलेली आहे ना) आणि कुलूप स्वतः बघा, आणि मिल निवू द्या. उत्पादनाची कितीही घाई असली तरी. बसवल्यानंतर पहिला दिवस चालवून मिल थांबवा आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळा. प्लेटा जागेवर बसल्या की ते सैल होतातच.