चरबी म्हणावं की मेद? आणि मेद नुसता 'साठतो' का?

प्रश्न असा आलाय, की लठ्ठपणा आणि स्तनाचा कॅन्सर यावर बायकांसाठी माहितीपत्रक करायचंय, तर 'चरबीतली हॉर्मोन्स' लिहावं की 'मेद-ऊतीतील संप्रेरके'?

मी 'मेद' लिहीन. चरबी फारसीतून आलेला शब्द, कळतो सगळ्यांना, पण 'चरबी चढली' म्हणजे माज आला असंही आपण म्हणतो आणि हा कागद एखाद्या आजारी बाईच्या हातात जाणार, तिला कुणी दोष देतंय असं अजिबात वाटायला नको. ऊती, म्हणजे टिश्यू, एकाच कामाच्या पेशींचा समूह, हा शब्द मला फार आवडतो, विणण्यावरून आलाय तो, टिश्यूच्या मुळाशीही विणकामच आहे, पण शाळेच्या पुस्तकाबाहेर कोण वापरतं? गाळा.

खरी अडचण क्रियापदाची आहे. मराठीत चरबी एकतर साठते नाहीतर झडते, कणगीतल्या धान्यासारखी गप्प पडून असते. इथे सांगायचंय नेमकं उलटं. पाळी गेल्यावर अंडाशयात इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन बनणं जवळपास थांबतं, पण मेदात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं ते अँड्रोजेनपासून, म्हणजे बायकांतही असणाऱ्या 'पुरुषी' हॉर्मोन्सपासून, इस्ट्रोजेन बनवतच राहतं, म्हणजे मेद जास्त तितकं इस्ट्रोजेनही जास्त, आणि ज्या गाठीत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडून घेणारे पेशीतले रेणू, असतात ती त्यावर पोसते. स्तनाच्या कॅन्सरवर देतात ती लेट्रोझोलची गोळी हेच एन्झाइम अडवते. शिवाय लेप्टिन नावाचं हॉर्मोन, तेही मेदातूनच येतं, मेद वाढला की वाढतं आणि पेशींच्या वाढीला चालना देतं, तर वाढीला आवर घालणारं अॅडिपोनेक्टिन लठ्ठपणात उलट कमी होतं. म्हणून मेदाला वाक्याचा कर्ता करा : 'मेद इस्ट्रोजेन तयार करतो', 'मेद लेप्टिन सोडतो'. साठतो हा शब्द पत्रकात नकोच.

हॉर्मोन हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये रूढ केला, ग्रीक धातूचा अर्थ चेतवणं, हलवून कामाला लावणं. आपला संप्रेरकही तेच सांगतो, इतका नेमका प्रतिशब्द क्वचित मिळतो, तेव्हा एकदा 'हॉर्मोन म्हणजे संप्रेरक' लिहाच, पुढे हॉर्मोन चालेल. लेप्टिन तसंच ठेवा, ग्रीक 'लेप्टोस' म्हणजे बारीक, त्यावरून आलंय ते, आपल्या लेपाशी त्याचा संबंध नाही.

आणि 'लठ्ठपणामुळे कॅन्सर होतो' असं सरसकट नका लिहू, 'पाळी गेल्यानंतर लठ्ठपणामुळे धोका वाढतो' लिहा, कारण पाळी चालू असताना हे गणित असंच लागू होत नाही आणि बारीक बायकांनाही हा आजार होतो.