'त्सुनामी भूकंप' म्हणजे नेमका कोणता भूकंप?

प्रश्न असा: 'त्सुनामी भूकंप'चा विग्रह 'त्सुनामी आणणारा भूकंप' असाच ना? मग 2004 चा सुमात्राचा भूकंप त्यात का धरत नाहीत?

विग्रह ठीक आहे. साखरभात, पुरणपोळी यांच्यासारखाच हा मध्यमपदलोपी समास. गोची लोपलेल्या पदाची आहे. भूकंपशास्त्रज्ञ हिरू कानामोरी यांनी 1972 मध्ये ही संज्ञा वापरली, ती 'धक्क्याच्या मानाने फारच मोठी त्सुनामी आणणारा' अशा अर्थाने. 2004 साली धक्काही प्रचंड आणि लाटही प्रचंड, म्हणजे हिशेब जुळतो. म्हणून तो यात बसत नाही.

अस्सल नमुना 15 जून 1896 चा, जपानच्या सानरिकू किनाऱ्यावरचा. सणाची संध्याकाळ होती. जमीन सावकाश डुलली, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. अर्ध्या-पाऊण तासात पाणी आलं, ते काही ठिकाणी 38 मीटर उंचीपर्यंत चढलं आणि सुमारे 22 हजार माणसं गेली.

इथे आपले दोन शब्द नीट वेगळे ठेवावेत: हादरा आणि हेलकावा. भांडी खडखडवतात त्या जलद लहरी, तो हादरा. एकेका आंदोलनाला मिनिट-दोन मिनिटं घेणाऱ्या लहरी म्हणजे हेलकावा. अंगाला तो जेमतेम कळतो. सागरी खंदकालगत, म्हणजे समुद्रतळाच्या खोल चरीजवळ, तळाच्या मऊ गाळाजवळ भेग धावली तर ती रेंगाळत धावते: एरवी सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर, इथे एखादाच. मग हादरा फुसका आणि हेलकावा दांडगा. पण लाट ठरते ती समुद्रतळ किती उचलला गेला यावरून, आणि तो तर भरपूर उचललेला असतो. एका आंदोलनाला 20 सेकंद घेणाऱ्या पृष्ठलहरींवरून (जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या लहरी) सानरिकूचा भूकंप 7.2 चा भरतो, लाटेवरून हिशेब केला तर 8 च्या घरात किंवा पुढे. आकड्यांमधली ही तफावत हीच या जातीची खूण. 2006 मध्ये जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर हेच पुन्हा घडलं.

कुणी 'संथ भूकंप' सुचवतं. तो शब्द नको. दिवसेंदिवस चालणाऱ्या, अजिबात न जाणवणाऱ्या सरकण्यासाठी तो लागतो. मला विचाराल तर भांडखोर, चुगलीखोर यांच्या चालीवर 'त्सुनामीखोर भूकंप'. जपानी शब्दाला फारसी शेपूट, पण खोड बरोबर सांगतो.