नवा ब्लॉक आणि शर्यतीचे इंजिन

प्रश्न : आमची छोटी फाउंड्री असल्यामुळे ओतकामाची मला थोडीफार जाण आहे. मोटार शर्यतींच्या हौसेपायी मी चार सिलिंडरच्या इंजिनाचा, बिडाचा एक कोरा करकरीत ब्लॉक विकत घेतला. मशीनशॉपवाल्यांनी मात्र त्यावर अजून बरेच काम असल्याचे सांगून मोठा अंदाजखर्च दिला. कारखान्यात मशीनिंग झालेल्या ब्लॉकवर पुन्हा खर्च कशाला? त्यापेक्षा जुना, धावलेला ब्लॉक चांगला, असे एका मित्राचे म्हणणे आहे. ते खरे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मशीनशॉपवाल्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि मित्राचेही अगदीच निराधार नाही. साच्यातले बीड निवताना सिलिंडरच्या पातळ भिंती आधी थंड होतात आणि क्रँकचा, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचा, भार घेणाऱ्या मेन बेअरिंगना पेलणारे जाड भाग मागाहून आकसतात. या ओढाताणीतला काही ताण धातूत अडकून राहतो. पुढे बोअर, म्हणजे सिलिंडरचे भोक, कापताना वरचा थर निघाला, किंवा इंजिन वारंवार तापून निवले, की तो ताण सुटू लागतो आणि त्याबरोबर बोअरचा गोलावा व क्रँकची सरळ रेषा किंचित ढळते. बीएमडब्ल्यूने फॉर्म्युला वनसाठी दीड लिटरचे टर्बो इंजिन तयार केले, तेव्हा पाउल रोशे यांच्या चमूने कंपनीच्या साध्या मोटारींतलाच बिडाचा ब्लॉक वापरला, आणि सुरुवातीला तर बराच काळ धावून मुरलेले ब्लॉक मुद्दाम निवडले. याच इंजिनाच्या बळावर नेल्सन पिके १९८३ मध्ये विश्वविजेते झाले.

पण म्हणून कोणी भंगारबाजार गाठू नये. जुन्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटा गंजून भिंती पातळ झालेल्या असतात, बोल्टच्या भोकांपाशी केसासारख्या चिरा असू शकतात, आणि आधी कोणी किती बोअर वाढवला हेही कळत नाही. खुद्द बीएमडब्ल्यूनेही पुढे भट्टीचाच मार्ग धरला. साधारण ५५० अंश सेल्सिअसला काही तास ठेवून ओतीव भट्टीतच हळूहळू निवू दिले, की बराचसा ताण उतरतो. आपल्या ब्लॉकवर ही प्रक्रिया झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. नसल्यास आता ती करायला जाऊ नये, कारण तयार पृष्ठभागांवर पापुद्रा धरतो आणि मापे हलतात.

खरा खर्च आहे तो बोअरचा. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक ओढला जाऊन बोअर एखाद्या थाउने, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाने, वाकडा होतो. रोजच्या गाडीत हे चालून जाते. मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांवर मात्र पिस्टनच्या रिंगा नीट टेकत नाहीत आणि ताकद क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या क्रँकच्या पोकळीत, वाया जाते. म्हणून होनिंग, म्हणजे बोअरची शेवटची बारीक घासाई, करताना हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट, तीही इंजिनात बसणारेच गॅस्केट आणि बोल्ट वापरून व ठरलेल्या टॉर्कला आवळून, बसवतात. प्लेट काढल्यावर बोअर गेजवर गोलाई बिघडलेली दिसते, आणि हे ठाऊक नसलेला गिऱ्हाईक हमखास भांडायला येतो! मेन बेअरिंगच्या कॅप आवळून त्यांची रेषा तपासणे हेही तसेच; तिथे जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाच्या, दर इंच व्यासामागे साधारण एक थाउ फट धरतात. ब्लॉकचा माथा कारखान्यात थोडा जास्त ठेवलेला किंवा दोन टोकांना कमी-अधिक असू शकतो, आणि तसे असल्यास प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन वेगळे पडते.

सगळे भाग एकदा कोरडे जुळवून मापे पाहावीत, मग ब्लॉक पुन्हा पूर्ण सुटा करून धुवावा. नुसत्या डिझेलने होनिंगची भुकटी निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. ऑइल गॅलरींचे, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे, सगळे प्लग काढूनच त्या घासाव्यात, कारण गाभ्याची वाळू कुठे दडते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तेल लावलेले पांढरे फडके बोअरमधून फिरवून ते स्वच्छ येईपर्यंत धुलाई चालू ठेवावी आणि ब्लॉक वाळवताच तेल लावावे, कारण ताज्या होनिंगवर काही मिनिटांतच गंज चढतो.