बाप्तिस्मा झालेला नसताना प्रभुभोजन घेता येते का?

आपण लिहिले आहे की, वर्षभर नियमित उपासनेला जाऊनही प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी पाळकांनी आपल्याला जागेवरच बसायला सांगितले. तेव्हा या दोन विधींचा परस्परसंबंध काय, आणि हा भेदभाव नाही का? मी ठाण्यातील एका प्रोटेस्टंट मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे, आणि माझे उत्तर त्या परंपरेतले आहे.

बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षाविधी, हा ख्रिस्ती मंडळीतील प्रवेश आहे आणि तो एकदाच होतो. तलावपाळीजवळचे कॅथलिक चर्च ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत असे. ख्रिस्ती बाप्तिस्म्यात पश्चात्ताप आहेच, परंतु बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल त्याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालू लागणे असे म्हणतो. प्रभुभोजन मात्र वारंवार घ्यायचे असते, कारण त्या जीवनाला पोषण लागते. म्हणून बहुतेक मंडळ्यांत आधी बाप्तिस्मा आणि मग मेज (म्हणजे प्रभुभोजन) असा क्रम आहे, आणि आपल्या पाळकांनी तोच पाळला.

भेदभावाची आपली शंका मात्र मला महत्त्वाची वाटते, कारण प्राचीन ग्रीसमधील करिंथच्या मंडळीत नेमके तेच घडले होते. तेथे सधन लोक आधीच जेवून घेत, कोणी मद्याने धुंद होई, तर गरीब उपाशी राहत; ‘अयोग्य प्रकारे’ भाकर खाण्याविषयी पौलाने दिलेला इशारा या वागणुकीला उद्देशून आहे. आपल्याकडे पुष्कळ भाविक तो इशारा स्वतःच्या बारीकसारीक पापांना लावून महिनोन्‌महिने मेजापासून दूर राहतात, आणि शेजारच्या बाकावरील माणसाशी धरलेला अबोला मात्र तसाच चालू ठेवतात. माझ्या मते आत्मपरीक्षणाची सुरुवात त्या अबोल्यापासून व्हावी.

प्रथा सर्वत्र सारख्या नाहीत. कॅथलिकांत व चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो. नवी मुंबईतील मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंबांत बाळाला त्याच वेळी प्रभुभोजनही मिळते. पेंटेकॉस्टल मंडळ्या जाणत्या वयात पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देतात. मराठी ख्रिस्ती समाजात या सीमेवर प्रश्न उपस्थित करणारेही होऊन गेले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा संघ स्थापन केला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावे म्हणून. मला तो विचार जवळचा वाटतो. तरीही स्वतःच्या बाप्तिस्म्याचे मोल त्यामुळे कमी झाले असे मी मानत नाही.

आपण पाळकांना भेटून बाप्तिस्म्यापूर्वीच्या शिक्षणाविषयी विचारावे. घरच्यांचा विरोध असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे, कारण घाई करण्याचे बंधन कोणीही घालू शकत नाही. तोपर्यंत प्रभुभोजनाच्या वेळी केवळ आशीर्वादासाठी पुढे येता येईल का, हेही विचारून पाहावे. काही चर्चमध्ये तशी पद्धत आहे.